पोहता येत नाही, तरी नाव देऊ का?

मावशी, नमस्कार.

मी निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठच्या एका गावात राहते. वय ३६, शिक्षण बारावी, घरीच शिलाईचं काम करते. माहेर मुरगूडचं. घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि दोन म्हशी.

आपत्तीच्या वेळी मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या ग्रामपंचायतीत नावं घेताहेत. बारा दिवसांचं आहे म्हणे. तालमीच्या पोरांनी धडाधड नावं दिली. मलाही द्यायचंय. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतल्या एक आजी, लकवा मारलेल्या, घरातच राहिल्या होत्या. थोरल्याला वाटलं धाकट्याने नेलं, धाकट्याला वाटलं शेजाऱ्यांनी ट्रॉलीत बसवलं. रात्री लक्षात आलं तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं. वाचल्या त्या, पण ते माझ्या मनातून जात नाही.

अडचणी अशा. मला पोहता येत नाही. कन्नड समजतं, पण बोलताना त-त-प-प होतं, आणि शिकवणार कन्नडमधूनच असं ऐकलंय. मी काही करायला गेले आणि माणूस दगावला तर केस माझ्यावर येईल का? सासूबाई म्हणतात, "तिथं पोरं उड्या मारणार, तू काय काठावर उभी राहून ओवाळणार?" नवरा म्हणतो, तुझं तू बघ. तालमीची पोरंही हसली. खरंच माझं तिथं काही काम आहे का?

— काठावरची सून

*

अगं, नाव दे. आजच दे. यादी एकदा वर गेली की पुढचं प्रशिक्षण कधी, ते पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, विचारलंस तरी त्यांना सांगता यायचं नाही. बाकीचं आता सावकाश बोलू.

सासूबाईंनी टोमणा मारला खरा, पण प्रश्न नेमका विचारलाय. काठावर उभी राहून तू काय करणार? तर पुरातली बहुतेक माणसं काठावरूनच वाचतात. पाण्यात उडी हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही दोर बांधलेल्या, जॅकेट घातलेल्या, शिकलेल्या माणसाचा. जगात कुठेही गेलीस तरी शिकवायचा क्रम हाच: आधी काठी, बांबू, साडी, हाताला येईल ते पुढं करायचं. तेवढ्याने पोचत नसेल तर दोराला बांधून तरंगणारं काही फेकायचं. तेही जमलं नाही तर बोट. स्वतः पाण्यात उतरायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि गढूळ वाहत्या पाण्यात शक्यतो नाहीच. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला कवटाळतो आणि स्वतःचं तोंड वर राहावं म्हणून त्याला खाली दाबतो. तो तुमच्या तालमीतल्या सगळ्यांत दांडग्या पोरालाही ऐकत नाही.

फेकायच्या वस्तूचं आत्ताच सांगून टाकते, प्रशिक्षणाची वाट बघायची गरज नाही. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घे. आत चार बोटं पाणी ठेवून टोपण घट्ट लाव. अगदी रिकामा फेकलास तर वाऱ्यावर भलतीकडे जातो, म्हणून ते पाणी. मुठीला वीस-एक मीटर दोर बांध, आणि दोर प्लॅस्टिकचा, पाण्यावर तरंगणारा बघून घे. नायलॉनचा खाली बसतो आणि झुडपात अडकतो. दुसरं टोक पायाखाली दाबायचं. मनगटाला, कमरेला गुंडाळायचं नाही, त्याने ओढलं तर तूही आत जाशील. दोर माणसाच्या अंगावरून आडवा पडेल असा कॅन त्याच्या पलीकडे फेकायचा. त्याने धरला की तू खाली बस, टाचा रोव आणि नुसतं धरून राहा. जोर लावून ओढायला जाऊ नकोस. दोर ताणला की वाहतं पाणीच त्याला वळवून काठाला आणतं. परसात बादली ठेवून मुलांबरोबर याची सवय कर. पहिल्यांदा कॅन शेजारच्यांच्या कौलावर जाईल, जाऊ दे.

उड्या मारणाऱ्यांविषयी आणखी एक. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको शहरात मोठा भूकंप झाला. सरकारी पथकं पोचायच्या आधी गल्लीतलेच लोक ढिगाऱ्यात शिरले. त्यांनी आठशेवर माणसं जिवंत काढली, पण काढायला गेलेल्यांतले शंभरावर स्वतः गेले. न शिकता शिरले म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अग्निशामक दलाने साध्या नागरिकांना शिकवायला सुरुवात केली, आणि १९९३ पासून ते प्रशिक्षण त्या देशभर गेलं. त्याचा गाभा एवढाच, की लोक मदतीला जाणारच, त्यांना अडवता येत नाही, तर निदान मरू नयेत इतकं शिकवा. आपल्याकडे केंद्राची आपदा मित्र योजना २०१६ मध्ये पुराचा धोका असलेल्या तीस जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट ठरलं. बारा दिवसांचं म्हणतेस म्हणजे त्याच धर्तीचं असावं. तिथे वयाची अट १८ ते ४० आणि शिक्षण किमान सातवी. तू दोन्हींत बसतेस. पोहण्याचं विचारलंच तर खरं काय ते सांग आणि पहिल्या दिवशीच प्रशिक्षकाच्या कानावर घाल. पाण्यातल्या सरावाला जॅकेट देतात, आणि पोहता न येणाऱ्याने जॅकेटवर तरंगायचं कसं हेही तिथंच कळतं.

आता त्या आजींकडे येऊ. तू एकदाच उल्लेख केलास, पण तुझं पत्र त्यांच्याविषयीच आहे असं मला वाटतं.

त्या रात्री बोट कमी पडली नव्हती की पोहणारा. कमी पडला होता एक कागद. गल्लीत कोण कुठल्या घरात आहे, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोण नेणार आणि नेलं की नाही, हे एकाच जागी लिहिलेलं असतं तर थोरला आणि धाकटा एकमेकांवर विसंबले नसते. हा कागद तालमीची पोरं करणार नाहीत. त्यांना वाईट म्हणत नाही मी, पण कोणाच्या सुनेला आठवा महिना आहे, कुठल्या घरात खाटेखाली बेडपॅन असतं, हे त्यांना कोण सांगणार? तुला सांगतात. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीची खबर देऊन जाते.

तेव्हा एक शंभर पानी वही घे. एका घराला एक पान. राहणारी माणसं किती, त्यांतली रात्री घरी किती. कोण खाटेवर, कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. इन्शुलिन कोणाला लागतं, कारण लाईट गेली की फ्रिज बंद. डायलिसिसला कोण जातं, कुठल्या वारी, कुठल्या गावी. गरोदर बाई असेल तर महिना. मिरगीच्या, बीपीच्या, डोक्याच्या गोळ्यांची नावं, चिठ्ठीवरून उतरवून. पुण्यात किंवा बेंगळुरात असलेल्या मुलाचा फोन नंबर. गॅस सिलिंडर किती, लाईटचं मेन स्विच कुठं. आणि जनावरं किती, दावणीतून कोण सोडणार. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंना बरोबर घे, अर्धी माहिती त्यांच्या रजिस्टरात असते. ही वही दुकानात टांगायची नाही आणि ग्रुपवर टाकायची तर मुळीच नाही. लोकांच्या दुखण्यांची नोंद आहे ती. एक प्रत तुझ्याकडे, एक पंचायतीत कुलपात.

प्रत्येक खाटेवरच्या माणसापुढे दोन नावं लिही, एक उचलणाऱ्याचं आणि एक तो नसला तर त्याच्या जागी कोण याचं. "शेजारी बघतील" असं कोणी म्हटलं तर कुठला शेजारी ते विचार आणि त्या शेजाऱ्याला समोर बोलावून लिही. बाहेर काढलं की वहीत वेळ टाकायची. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात, पोचले की दुसरी खूण. ज्या पानावर दुसरी खूण नाही, त्या दाराशी परत जायचं.

जनावरांचं मुद्दाम लिहायला सांगितलं. पाणी चढताना आपली माणसं घर का सोडत नाहीत, हे बाहेरून आलेल्या साहेबांना कळत नाही. म्हैस सोडून कोण जाईल? दोन म्हशी म्हणजे वर्षाचा हप्ता, दूध, घरखर्च. "चला चला, जीव वाचवा" असं ओरडून काही होत नाही. जनावरांची सोय कुठं केलीय, वैरण कोणाची, रात्री राखणीला कोण, हे सांगितलंस तर माणसं आपणहून उठतात. म्हणून पावसाळ्याआधी पंचायतीत हा एकच विषय रेटून धर: गावाबाहेर उंचावर गुरांची जागा कुठली. आणि नदीकाठच्या मोटरी. पाणी वाढायला लागलं की शेतकरी मोटर काढायला धावतो, कित्येकदा एकटा, अंधारात, लाईन चालू असताना. त्या मोटरींची वेगळी यादी कर आणि हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनमनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही. काढायच्या तर दोघांनी, दिवसाउजेडी, लाईन बंद करून.

पहिल्या पानावरचे बाकीचे नंबर: ११२, रुग्णवाहिकेला १०८, अग्निशामक १०१, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. १०७७ लावताना एक लक्षात ठेव. तुझा फोन पलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरला लागला असेल तर कॉल कोल्हापूरच्या कक्षात जाऊ शकतो. सीमेवरच्या गावात हे नवीन नाही. म्हणून निपाणी तहसील कार्यालयाचा आणि ठाण्याचा साधा नंबरही लिहून ठेव.

माहेर मुरगूडचं म्हणालीस, त्याचा तर मला आनंदच झाला. वेदगंगा पाटगावच्या धरणातून निघते, गारगोटीवरून, मुरगूडवरून तुमच्याकडे येते. वरचं सगळं कोल्हापूर जिल्ह्यात. धरणातून किती सोडलं, भुदरगडात पाऊस किती, याच्या बातम्या आधी मराठीत येतात, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्याचा इशारा कन्नडमध्ये निघतो. दोन्ही वाचणारं, ऐकणारं माणूस गावात एक तरी हवं. मुरगूडच्या पुलाला पाणी लागलं हे तुझा भाऊ तुला फोनवर सांगेल, तेव्हा तुमच्या गावात अजून ऊन असेल. तेवढ्या वेळात डायलिसिसवाल्याला आणि आठव्या महिन्यातल्या पोरीला रस्ता सुरू असताना बाहेर काढायचं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ हमरस्त्यावरच पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट बंद झाली, हे तू बघितलंच असशील. त्यानंतर रुग्णवाहिका बोलावून काय उपयोग? फोन मात्र भावाचाच धरायचा. "धरण फुटलं" असं कोणी ग्रुपवर टाकलं तर ते पुढं ढकलायचं नाही, आधी भावाला विचारायचं, नाहीतर कक्षाला.

कन्नडचं एवढं मनावर घेऊ नकोस. ऐकून समजतं म्हणतेस, म्हणजे वर्ग निभावेल. छाती कशी दाबायची, गाठ कशी मारायची हे हाताने दाखवतात. न समजलं तर हात वर करून "इन्नॊम्मे हेळ्री सर" म्हण. आपल्याकडचे कन्नड मास्तर अर्धे तर मराठीत समजावतात, मराठी पोरं अर्धं कन्नडात विचारतात, असाच बेळगावचा वर्ग चालतो. पण बोलता यायला हवं ते दुसऱ्या कारणासाठी. पुरात येणारं राज्याचं पथक, होमगार्ड, फायरची माणसं कुठूनही येतील, विजापूरहून, कलबुर्गीहून. त्यांना मराठी येईलच असं नाही, आणि तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना कन्नड येत नाही. मधे उभं राहायला कोणीतरी लागणार. त्याला व्याकरण लागत नाही, दहा-बारा वाक्यं लागतात. अंजब्याड्री, म्हणजे घाबरू नका. एष्टु मंदी अदारी, म्हणजे किती जण आहेत. हग्ग कोडरी, दोर द्या. एल्ली नोव, कुठं दुखतंय. अशी वहीच्या मागच्या पानावर लिही आणि मुलांकडून म्हणून घे. शाळेत शिकतात ती, तुझ्यापेक्षा चांगलं बोलत असतील.

केसची भीती बऱ्याच जणांना असते आणि त्यापायी माणसं अपघाताजवळ थांबत नाहीत. रस्त्यावरच्या अपघातापुरतं कायद्याने हे साफ केलंय. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत केली आणि तरीही तो दगावला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलिसांना नाव सांगायची सक्तीही नाही. हमरस्ता तुमच्या दारातून जातो, उसाच्या हंगामात मागे लाल कागदही न लावलेल्या ट्रॉल्या रात्री उभ्या असतात, तेव्हा हे कलम पुरापेक्षा जास्त वेळा कामाला येईल. पुराबिराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे: माणूस संमती देण्याच्या स्थितीत नाही आणि त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलं, तर तो गुन्हा होत नाही. मी वकील नाही, पण सिस्टर म्हणून नोकरी केली तेवढ्यात पाहिलेलं सांगते. शिकवलंय तेवढंच करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. अडचण होते ती शिकवल्याच्या पुढं जाणाऱ्याची. सुई टोचायची नाही, गोळी द्यायची नाही, हाड बसवायला जायचं नाही.

प्रथमोपचाराचं सगळं इथं लिहीत बसत नाही, ते हाताने शिकायचं असतं. एकच गोष्ट मात्र आवर्जून. पाण्यातून काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबणं, खांद्यावर उलटा घेऊन गरगरा फिरवणं, हे आपल्याकडे अजून चालतं. त्यात हाताशी असलेली मिनिटं जातात, आणि पोटातलं उलटून घशातून फुप्फुसात जातं ते वेगळंच. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत. दाब मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. आता ऐक, सामान्य लोकांच्या वर्गात पुष्कळदा नुसती छाती दाबायलाच शिकवतात. चालता-बोलता कोसळलेल्या मोठ्या माणसाला तेवढं पुरतं. बुडालेल्याचं तसं नाही, त्याला हवाच मिळालेली नसते. तुम्ही नदीकाठचे, म्हणून प्रशिक्षकाला स्पष्ट विचार, "सर, बुडालेल्याला कसं?" आणि बाहुलीवर स्वतः करून बघितल्याशिवाय उठू नकोस. दोन मिनिटांत दंड भरून येतात. मग कळतं की दोघं-तिघं पाळीने का लागतात.

तुमच्या पुलांविषयीही दोन ओळी. भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, हे कमी उंचीचे पूल पहिल्यांदा पाण्याखाली जातात आणि "एवढंसंच तर पाणी आहे" म्हणत मोटारसायकल घालणारा एकजण असतोच. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो. फूटभर पाण्यात छोटी गाडी उचलली जाते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. तिथं तालमीची पोरं लावा. त्यांच्या अंगातल्या जोराला तेच काम शोभेल: दोन्ही तोंडांना दोर बांधून उभं राहायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं नाही. मात्र पोलिसांना सांगून, आणि हात न उचलता. केशरी जॅकेट घातलं म्हणजे फौजदार झालो असं काहींना वाटायला लागतं, हे मी पाहिलेलं आहे.

त्याच पोरांना ब्रह्मनाळची आठवण दे. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली आणि बायकामुलं बुडाली. झेपतील त्याहून जास्त माणसं बोटीत बसली होती. घाई सगळ्यांनाच असते, मागे राहायचं कोणाला नसतं. बोटीला माणसं मोजून चढवणं आणि "तुम्ही पुढच्या फेरीला" असं म्हाताऱ्या सरपंचालाही ठामपणे सांगणं, याला पोहता यावं लागत नाही. वही हातात असलेली बाई ते बरं करेल.

काळजी केंद्रात तर तुझ्याशिवाय अडेल. शाळेच्या एका वर्गात चाळीस बायका, अंगावर ओले कपडे, बाहेर सगळे पुरुष स्वयंसेवक. पाळी आलेली पोरगी कोणाला सांगणार? अंगावर पाजणारी बाई कुठं बसणार? रात्री संडासला जायला दिवा आहे का, सोबत आहे का? पॅड, आतले कपडे, लहान बाळाचं दूध, असलं काही मदतीच्या ट्रकवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चढत नाही, कारण यादी करणारे सगळे पुरुष. बिस्किटांचे खोके मात्र रग्गड येतात. तू शिलाईवाली आहेस. जुन्या साड्यांचा पडदा टाकून एक कोपरा करायला तुला किती वेळ लागेल?

आता प्रशिक्षणाचा दर्जा. सगळीच चांगली नसतात, स्पष्ट बोलते. काही ठिकाणी सभागृहात दोन तास भाषण, एक पोरगं टेबलावर झोपवून पट्टी बांधून दाखवायची, चहा, फोटो, प्रमाणपत्र. त्याला जाऊन आलीस तर जेवढं यायचं तेवढंच येईल आणि वर आपल्याला येतं असा गैरसमज. म्हणून आधी विचारून घे: रोज हाताने करायला किती वेळ आहे, पाण्यातला सराव कुठं, वर्षाने उजळणी आहे का. उजळणी नसली तर सहा महिन्यांत हात विसरतात, छाती दाबायचं तर नक्कीच. किट मिळणार आहे का, त्यात तुझ्या मापाचं लाइफ जॅकेट आणि गमबूट आहेत का, कारण ही मापं बाप्यांची असतात. विमा आहे का, किती वर्षांचा आणि त्याचा कागद तुझ्या हातात येणार का. आणि पुराच्या वेळी तुला हाक कोण मारणार, तू कोणाला कळवणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर बाकीचं शिकूनही तू घरीच बसशील, नाहीतर जिथं जायला नको तिथं जाशील. फायरची माणसं आली की काम त्यांच्या हाती द्यायचं: आत किती जण, कुठं, आतापर्यंत काय केलं, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

पाणी येईल तेव्हा आधी स्वतःचं घर. मुलं, सासूबाई आणि दोन म्हशी वर पोचल्याशिवाय तू कोणाच्या दारात जायचं नाहीस. हे स्वार्थाचं नाही, प्रशिक्षणातही हाच क्रम सांगतात. अर्धं लक्ष घरी असलेला स्वयंसेवक चुकतो.

राहिल्या सासूबाई. बारा दिवस म्हशींची धार आणि मुलांचा डबा त्यांच्यावर येणार, तेव्हा चिडणं साहजिक आहे. नवऱ्याने "तुझं तू बघ" म्हटलंय ना, मग त्याला सांग की सकाळची धार तू बघ. सासूबाईंना वहीच्या कामाला बसव. कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीला लागलं, आधी कुठल्या बोळात शिरतं, कुठल्या घराची मागची भिंत कच्ची, हे तुमच्या गावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? विचारायला लागलीस की थांबायच्या नाहीत त्या. पेन्सिलने गावाचा नकाशा काढ आणि त्यांच्या तोंडून पाण्याची रेघ ओढ.

— तुझी मावशी

ता. क. पूर ओसरताना घरात साप निघतात, ते पत्रात राहिलं. वर करून ठेवलेल्या अंथरुणात, चुलीमागे, दळणाच्या डब्याआड. आत जाताना काठी आपटत, बूट घालून, उजेडात जायचं. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही आणि मांत्रिकाकडे तर नाहीच. हात-पाय पट्टी लावून स्थिर ठेवायचा, अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढायची कारण सूज येते, माणसाला चालवायचं नाही. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. निपाणीच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आज शिल्लक आहे का, हे जूनमध्येच एकदा जाऊन विचारून ये, आणि नसली तर जवळ कुठं मिळते ते वहीत लिही.